व्यंकूनं नेलेली गाडी

व्यंकू गेल्याची बातमी मला खरी वाटली नाही. दुःखानं सुन्न झालेला माणूस म्हणतो तसं म्हणत नाही मी हे. मला ती खरोखरच थाप वाटली. सकाळी साडेनऊला आमच्या गेमवाल्यांच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज आला, ‘आपला व्यंकटेश आज पहाटे गेला’, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी सोलापुरात सात रस्त्याच्या माझ्या कामाच्या खोलीचं शटर अर्धं वर करून उभा होतो. तसाच उभा राहून मी काय विचार केला असेल? की मी फोन करावा म्हणून यानंच हे केलंय. दीड वर्ष मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो, सगळे उपाय करून झाले, आता ही नवी युक्ती. मी त्याचा फोटो उघडून बघितला, तो फोनवर शेवटचा कधी होता ते बघितलं. आदल्या संध्याकाळचं होतं. म्हटलं, बघा, मुद्दाम बंद करून ठेवलाय! शटर पूर्ण वर केलं, पंखा लावला आणि कामाला बसलो. दुपारी एकला त्याच्या कारखान्यातल्या मुकादमाचा फोन आला. “शिवाण्णा, तुमी दिसला न्हाय कुटं. आटपलं की सगळं.” तेव्हा कुठं मी शटर ओढून निघालो. पूर्व भागातल्या त्याच्या गल्लीत पोचलो तर लोक स्मशानातून परत येत होते, दारात बादली आणि तांब्या ठेवलेला. अंघोळीला जाताना उंबऱ्यातच कोसळला म्हणे, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. माझ्या संशयानं मला त्याचं तोंडसुद्धा शेवटचं बघू दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यात मी काही फार चांगला दिसणार नाही.

माझा धंदा जॅकार्ड डिझाइनचा. चादरीवर जो मोर, जी वेल, जी चौकट दिसते, ती आधी चौकटींच्या कागदावर एकेक घर भरून काढावी लागते, मग ती मागावर चढते. आता कागद गेला, कॉम्प्युटर आला, पण घरं भरणं सुटलेलं नाही. व्यंकू एका कारखान्यात हेच काम करायचा. विणकराचं घर, घरात तेलुगू, आमच्यात आला की मराठी, आणि भांडण असलं की दख्खनी. वीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि पहिलं वाक्य काय, तर “काय बे, तुझा माउस माझ्याकडं बघतोय.” तेव्हापासून बे म्हणण्याची दोस्ती. त्याची एक खोड सगळ्या सोलापूरला ठाऊक होती. कुणाच्याही घरी गेला, लग्नाच्या हॉलमध्ये गेला, अगदी पाहुणे बघायला गेला तरी पलंगावरच्या चादरीचा कोपरा उलटून बघायचा. कोपऱ्यात कारखान्याचं नाव असतं ना, ते. “छापलेलं नाव मागं उमटत नाही,” तो यजमानांनाच समजावून सांगायचा, “विणलेलं मागं उलटं दिसतं. उलटं दिसलं की समजायचं, माल खरा.” माझी बायको म्हणायची, हा माणूस आपल्या घरी आला की मला चादर बदलायची धास्ती वाटते. त्याचं बघितल्याशिवाय भागायचं नाही.

गेमचं वेड मला त्यानं लावलं. चाळिशीकडं झुकलेले दोन बाप्ये बस चालवायचा गेम खेळतात म्हटल्यावर घरचे हसणारच. पण आम्ही खेळत कमी होतो, बांधत जास्त होतो. त्या गेममध्ये परदेशातल्या गुळगुळीत बसा, गुळगुळीत रस्ते. त्यात आपली लाल गाडी आणायची, आपला चहाचा गाडा, आपलं बोरामणीचं वळण आणायचं, असा आम्हा दहा-पंधरा जणांचा ग्रुप होता. काही जण सगळं शून्यापासून बांधायचे. काही जण एका गेममधलं मॉडेल उचलून दुसऱ्यात बसवायचे. मी पहिल्यातला, व्यंकू दुसऱ्यातला. हे उचलून बसवणं ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक गेमचं माप निराळं, दिशा निराळी. तिकडची बस इकडं आणली की कधी काड्यापेटीएवढी होते, कधी डोंगराएवढी. चाकं छपरावर जातात, रंग उडून सगळं पांढरंफटक होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पत्रे उलटे होतात. कॉम्प्युटरमधल्या पत्र्याला एकच बाजू असते. त्या बाजूनं बघितलं तर दिसतो, मागून बघितलं तर नाहीच, आरपार. आणताना चूक झाली की बाहेरून गाडीला पत्राच नाही आणि आत बसलं की आहे. मी वैतागून उठायचो. व्यंकू मात्र शांतपणे एकेक पत्रा धरून फिरवत बसायचा. “आपली चादर बरी की रे शिवा,” म्हणायचा, “तिला दोन बाजू तरी हायत.”

माझं आयुष्यातलं एकच मोठं बांधकाम म्हणजे अप्पांची गाडी. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापूर-वैराग गाडीवर कंडक्टर होते. चोवीस वर्षं तीच वाट. ते गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी ती गाडी गेममध्ये बांधायला घेतली आणि सात महिने बांधत होतो. कंडक्टरच्या जागेपुढचा पत्रा, छताखालून गेलेली घंटीची दोरी, आणि तिसऱ्या खिडकीचा वाकलेला गज. त्या गजाला अप्पा डब्याची पिशवी अडकवायचे, वर्षानुवर्षं अडकवून तो खाली आला होता. असा वाकलेला गज जगातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता. गाडी तयार झाली, लोकांसाठी साइटवर टाकली, खाली अप्पांचं नाव लिहिलं. दोन दिवसांत तिथं काय काय प्रतिक्रिया आल्या! कंडक्टर लोक सुट्टे पैसे कसे खातात त्याचे विनोद, कुणीतरी अप्पांच्या नावावरून घाण काहीतरी लिहिलेलं. माझं डोकंच सटकलं. सगळं पुसून टाकलं आणि व्यंकूला म्हणालो, “यापुढं या बाजारात बाहेर कुठं अप्पांचं नाव नको. माझंही नको.” तो “बरं” म्हणाला. मी हे बोललो होतो ते पुढं मी साफ विसरलो. तो विसरला नाही, पण ते मला फार उशिरा कळलं.

मी गाडीला कुलूप घातलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती उघडून, फोडून नेता येऊ नये अशी सोय. का घातलं, तर माझा कुणावर विश्वास नाही. व्यंकूवरही नव्हता, खरं सांगायचं तर. एकदा त्यानं माझ्यासमोर दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवरचा मोर बघितला, दहा मिनिटं बघितला, आणि दुपारपर्यंत घरं भरून तसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवला. मी म्हणालो, “ही चोरी आहे.” तो हसला. “मोर कुणाचा असतो बे? माझ्या आज्जानं हातमागावर काढला, बापानं पॉवरलूमवर नेला, मी कॉम्प्युटरवर. नेला नसता तर कवाच मेला असता.” उत्तर चांगलं होतं, पण तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. हा माणूस काहीही उचलू शकतो, आणि उचलताना याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही... त्याच्या प्रत्येक कामाकडं मी त्याच नजरेनं बघायला लागलो. त्यानं रस्त्याकडेचं लिंबाचं झाड आणलं की मी आधी ते कुठल्या गेममधलं हे शोधायचो, मग छान म्हणायचो.

मग माझी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. जुना गेमही नव्या कॉम्प्युटरवर चालेना, तो काढणाऱ्यांनी त्यावरचं लक्षच काढून घेतलं होतं. ग्रुपमधले सगळे नव्या गेमकडं गेले. “अप्पांची गाडी इकडं आणूया की,” व्यंकू मला किमान दहा वेळा म्हणाला असेल. मी नाही म्हणायचो. कारण विचारलं तर मलाच धड सांगता यायचं नाही... वाटायचं, गाडी हलवली की त्यातून काहीतरी सांडेल. पण डिस्क कुठल्याही दिवशी जाईल अशी झाली, तेव्हा बिनकुलपाची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून मी त्याच्याच हातात दिली. “ठेवून दे. नुसती ठेव.” त्यानं ती शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशावर एकदा हात ठेवला. आठच दिवसांत माझी डिस्क गेली.

चार महिन्यांनी नव्या गेमच्या साइटवर एक लाल गाडी दिसली. फोटो बाहेरून काढलेले, झकास. मी सवयीनं मोठे करून बघत होतो आणि तिसऱ्या खिडकीशी आलो. गज वाकलेला! खाली टाकणाऱ्याचं नाव व्यंकूचं. सोबतची माहिती उघडली, तीनदा वाचली. ना माझं नाव, ना अप्पांचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्कूटर काढली ती थेट त्याच्या कारखान्यासमोर. तो बाहेर आला तेव्हा हातात अर्धवट भरलेल्या नक्षीची प्रिंट होती. मी मागांच्या खडखडाटापेक्षा मोठ्यांदा ओरडलो, “चोर आहेस तू! ठेवायला दिलेली वस्तू विकायला काढतात काय रे?” विकायला नव्हतीच काढली, ती फुकटच होती, पण तोंडातून निघून गेलं. मुकादम बघत होता, दोन बायका बघत होत्या. व्यंकूचं तोंड उतरलं. त्यानं एवढंच विचारलं, “गाडी चालवून तरी बघितलीस काय बे? आत बसलास का?” मी म्हणालो, “चोरीचा माल चालवून बघायचा असतो काय?” आणि मागं फिरलो. आता लिहिताना मला त्याचा तो प्रश्न शब्दन्‌शब्द ऐकू येतो. तेव्हा वाटलं, वर तोंड करून कौतुक मागतोय.

पुढचं दीड वर्ष मी संशय पाळला, लोक कुत्रं पाळतात तसा. रोज खायला घातलं. त्यानं दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, मी म्हणालो, अपराधी मन आहे. होटगीत एका लग्नात तो समोरून आला, पंगतीत माझ्याशेजारची खुर्ची ओढली, मी उठून हात धुवायला गेलो आणि जेवलोच नाही. जाताना बघितलं तर तो नवरदेवाच्या खोलीबाहेर वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा उलटून बघत होता, एकटाच. मला हसू आलं होतं. पण मी ते दाबलं. तेवढं एक हसू मोकळं सोडलं असतं तर काय बिघडलं असतं माझं, काही कळत नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोचा, पद्मावहिनींचा फोन आला. “शिवाण्णा, यांच्या कॉम्प्युटरवर गेमवाल्यांचे लई मेसेज येऊन पडलेत. मला काय समजत नाही. तुम्ही बघता काय?” माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? की मलाच का? हिला आमचं भांडण माहीत असणार, मग हिला काय हवंय? आणि दुसरं आलं ते त्याहून वाईट. त्याचा कॉम्प्युटर आता उघडा मिळणार. त्यात पुरावा असणार. माझ्या गाडीचं त्यानं काय काय केलं, कुणाकुणाला दिली, सगळं सापडेल, आणि मी जे भर रस्त्यात बोललो ते खरं ठरेल. मला ते खरं ठरायला हवं होतं. कारण ते खोटं असेल तर मग मी काय केलंय, हे मला बघावं लागलं असतं.

त्याची खोली लहान. खिडकीशी जुना माग होता तो काढून तिथं टेबल ठेवलेलं, मागाच्या खुंट्यांची भोकं अजून फरशीत. कॉम्प्युटरवर चादरीचा एक तुकडा पांघरलेला. वहिनींनी तो उचलला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला, जसं काही तो मलाच द्यायचा होता. “रोज सकाळी एक फेरी मारायचे,” त्या म्हणाल्या. “मी चहा ठेवला की हे बसायचे. चहा झाला म्हणलं की सांगायचे, थांब गं, वैराग आलंच. मी म्हणायची, कोण थांबलंय तुमच्यासाठी तितं?” आणि त्या आत गेल्या, बहुतेक चहा ठेवायला, बहुतेक रडायला.

मेसेज मी बघितलेच नाहीत. आधी गेम उघडला. शेवटची वापरलेली गाडी आपोआप समोर आली, डेपोत उभी. मी बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघितलं, वकिलासारखं. एकही पत्रा उलटा नव्हता. रंग अप्पांच्या काळातला, थोडा विटलेला, जसा मी दिला होता तसाच, उलट माझ्याच्यानं जमली नव्हती ती मडगार्डची धूळ त्यानं आणली होती. कुठंही नाव नाही. मनात म्हटलं, बघा! मग त्याचा तो प्रश्न आठवला, आत बसलास का... आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर आलो. तिथंही काही नाही. एक बटण दाबलं की एकेक जागेवर बसता येतं. प्रवाशाची पहिली, दुसरी, आणि मग कंडक्टरची. समोरच्या पत्र्यावर एक पाटी होती. पिवळ्या रंगात, आपल्या गाड्यांत असतात तशा अक्षरांत. ‘वाहक : गुरुलिंग अप्पा. गाडी बांधणार : शिवा.’ आणि खाली, बारीक, ‘नेऊन सोडणार : व्यंकू.’

मी परत बाहेर आलो. दिसेना. ड्रायव्हरच्या जागेवर आलो, दिसेना. त्यानं तो पत्रा मुद्दाम एकाच बाजूचा ठेवला होता, फक्त कंडक्टरच्या जागेकडं तोंड करून. बाहेर नाव नको, असं मीच म्हणालो होतो ना... त्यानं आत लावलं. जो अप्पांच्या जागेवर येऊन बसेल त्यालाच दिसेल असं. आणि जगात ज्या एका माणसानं तिथं बसायला हवं होतं, तो दीड वर्ष बाहेरून फोटो मोठे करून बघत राहिला. मी चादरीचा तुकडा तोंडाला लावून रडलो. एवढा रडलो की वहिनी दारात येऊन थांबल्या आणि परत गेल्या.

आता माझा स्वभाव बघा. डोळे पुसले आणि डोक्यात आलं, ही पाटी त्यानं पहिल्यापासून लावली होती, की मी चोर म्हणाल्यावर? पाटीच्या चित्राची फाइल वेगळी असते. ती सापडायला मला अर्धं मिनिट लागलं. तिच्यावर तारीख असणार. मी ओरडलो त्याच्या आधीची की नंतरची, एका क्लिकवर समजणार. आधीची असली तर मी नालायक. नंतरची असली तर... तर मी थोडा कमी नालायक, आणि तो थोडा कमी व्यंकू. माउस त्या फाइलवर नेला. वीस वर्षांपूर्वी माझ्या माउसला हसलेला माणूस नेमका याच क्षणाला हवा होता. मांडीवर चादरीचा तुकडा होता, त्याचा कोपरा हाताशी आला. मी तो उलटला. कारखान्याचं नाव, उलटं. माल खरा.

मी ती तारीख बघितली नाही. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट तपासायची राहू दिली.

वहिनी चहा घेऊन आल्या. “सापडलं काय, शिवाण्णा?” त्यांनी विचारलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाटी वाचून दाखवली. त्यांनी पुढं वाकून पाटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “घंटी पण वाजते. यांनी आवाज घातला होता त्यात. वाजवा की.” मी बांधलेली दोरी मुकीच होती. मी अप्पांच्या जागेवरूनच दोनदा घंटी दिली, टण टण, गाडी सोडायची खूण. आणि आम्ही दोघं बघत बसलो. गाडी काही हलली नाही. पुढं ड्रायव्हरची जागा रिकामी होती.